पान जोडीनं की एकाआड एक?
बांधावरची टणक लाकडाची झाडं ओळखू या

(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

वाडीवर, तांड्यावर, चुलीपुढं नाहीतर शेळ्यांमागं, जिथं कुठं तुम्ही हे ऐकत असाल तिथं हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढा इकडं द्या. मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाचे हप्ते आणि व्याज यावर बोललो होतो. आज झाडांवर बोलणार आहे. झाडं लावा, हे तर सगळेच सांगतात. मला सांगायचंय ते वेगळं आहे. आपल्या बांधावर, ओढ्याकाठी, घरामागं जे झाड आधीच उभं आहे, ते नेमकं कोणतं आहे हे पानावरून, फांदीवरून आणि लाकडावरून कसं ओळखायचं, ते आज बघायचं आहे. त्यातही टणक लाकडाची झाडं. कारण व्यापारी दारात येतो तो त्याच झाडांसाठी.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते. गोष्ट माझ्याच घरची आहे.

२०१८ चं साल तुम्हाला आठवत असेल. पावसानं पाठ फिरवली होती, रब्बीची पेरणीच झाली नव्हती. घरात दोन म्हशी, वैरण संपत आलेली. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी एक जुनं झाड होतं. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. कुणीतरी कधीतरी त्याच्या खोडाला म्हैस बांधायची लोखंडी कडी ठोकली होती, ती पुढं सालीत रुतून बसली होती. एक व्यापारी आला, झाडाभोवती फिरला आणि म्हणाला, "करंज आहे वहिनी. जळणाशिवाय कशाच्या कामाचं नाही. उभ्याचे ठोक चार हजार देतो." घरातल्या माणसांना पैसा हवा होता. पावती मी लिहिली. बी. ए. झालेली, गटाचा हिशोब लिहिणारी मी, "करंजाचं एक झाड, जळणासाठी" असं माझ्या अक्षरात लिहून दिलं.

माझ्या सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे करंज नाही बाई. करंजाचे पानं जोडीनं राहतेत. ह्याचे बघ, एक हितं तर एक तितं." त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

दोन-अडीच महिन्यांनी माझे दीर चौकटीचं लाकूड बघायला कटाई मशीनवर गेले. तिथं एक ओंडका मधोमध चिरून ठेवलेला. आतून जांभळट काळा, त्यात काळ्या रेघा. आणि एका कडेला सालीत रुतलेली गंजकी कडी. मिस्त्री म्हणाला, "हे काळं शिसम आहे भाऊ. फर्निचरला जातं. घनफुटावर विकतं." जळणाच्या भावात गेलेलं आमचं झाड ते. दीर घरी येऊन सांगत होते, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी मात्र त्या रात्री ठरवलं, की पानांची जोडी बघायला शिकायचं.

सासूबाईंनी सांगितलेली खूण अगदी बरोबर होती. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हीच खूण दिलेली आहे. तिथूनच सुरुवात करू.

आधी पान म्हणजे काय, हे नीट कळलं पाहिजे. तुम्ही म्हणाल, यात काय कळायचं? पण इथंच बहुतेकांची चूक होते. लिंबाची डहाळी हातात घ्या. तिच्यावर दिसणारी प्रत्येक बारकी पत्ती म्हणजे पान नाही. काडीसकट सगळं मिळून एक पान असतं. शाळेच्या पुस्तकात त्या पत्तीला पर्णिका म्हणतात. आता पान कोणतं आणि पत्ती कोणती, हे कसं ठरवायचं? आपल्यातल्या कितीतरी जणी ऊसतोडीला जातात. उसाच्या कांडीवर डोळा असतो, तो तुम्हाला कुणी दाखवायला नको. तसाच डोळा झाडाच्या फांदीवरही असतो. पानाचा देठ जिथं फांदीला चिकटतो, तिथं वरच्या बेचक्यात बारीकसा कोंब दिसतो. जिथं डोळा आहे तिथून पान सुरू. पत्तीच्या बुडाशी डोळा कधीच नसतो. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मग चार गोष्टी क्रमानं बघायच्या. एक, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक. दोन, पान एकसंध आहे की पत्त्यांचं. पत्त्यांचं असेल तर पत्त्या जोडीनं आहेत की एकाआड एक. तीन, काटे आहेत का, असतील तर सरळ की आकडीसारखे. चार, साल, फूल आणि शेंग. एका खुणेवर झाडाचं नाव ठरवायचं नाही. निदान तीन खुणा जुळल्या तरच म्हणायचं, की हे अमुक झाड.

आता एकेक घेऊ.

आधी शिसम आणि करंज, कारण तिथंच मी फसले. दोन्हीच्या एका पानात साधारण पाच ते सात पत्त्या असतात, दोन्ही हिरवीगार दिसतात. करंजाच्या पत्त्या जोडीजोडीनं समोरासमोर बसतात आणि टोकाला एकटी एक पत्ती असते. पत्ती चकचकीत, टोकाकडं निमुळती. शिसमच्या पत्त्या काडीवर एकाआड एक बसतात, एक डावीकडं तर पुढची उजवीकडं. पत्ती गोलसर, टोक बोथट, कधी टोकाशी बारीक खाच. शेंगेवरून तर शंकाच राहत नाही. करंजाची शेंग जाड, लाकडासारखी कडक, आत तेलाची एक बी. शिसमची शेंग कागदासारखी पातळ, चपटी. कुणी या झाडाला शिसव म्हणतं. याचाच एक भाऊ म्हणजे शिसू. तो रस्त्याच्या कडेनं खूप लावलेला दिसतो. त्याच्याही पत्त्या एकाआड एकच, पण तीन ते पाच, आणि टोकाला एकदम बारीक अणी काढलेली. शिसूचं लाकूडही चांगलं टणक, तपकिरी रंगाचं. करंजाचं लाकूड मात्र पांढुरकं, आत गडद गाभा नाही, आणि त्याला कीड लवकर लागते. करंजाची किंमत त्याच्या तेलात आणि सावलीत.

दुसरा गोतावळा काटेरी झाडांचा. आपल्या भागात ही झाडं सगळ्यात जास्त आणि गोंधळही यांचाच जास्त. यांच्या पानाच्या काडीला पुन्हा काड्या फुटतात आणि त्यावर बारीक पत्त्या असतात, पिसासारख्या.

बाभूळ सगळ्यांना माहीत आहे. काळपट साल, उभ्या खोल भेगा, पांढरे लांब सरळ काटे जोडीनं, हळदीसारख्या पिवळ्या फुलांचे गोंडे, आणि शेंग माळेसारखी, प्रत्येक बीच्या मध्ये आवळलेली. बाभळीतच एक रामकाठी असते. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खराट्यासारख्या सरळ वर जातात. पिकावर सावली कमी पडते म्हणून जुन्या लोकांनी ती बांधावर राखली.

येडी बाभूळ वेगळी. ती बाहेरून आलेली. तिचं फूल गोंडा नसतं, बोटासारखा फिकट पिवळा लांबट तुरा असतो. शेंग सरळ, पिवळसर, गोड. शेळ्या आवडीनं खातात. जळणाला आणि कोळशाला ती चांगली, पण वेडीवाकडी वाढते म्हणून फळी फारशी निघत नाही.

हिवराची खूण साल आहे. दुरूनच झाड फिकट, पांढुरकं दिसतं. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकाला साईच्या रंगाच्या बारीक गोंड्यांचे झुपके येतात. बाभळीचा गोंडा पिवळाधमक, हिवराचा फिकट.

खैराचा काटा हात लावला की कळतो. तो आखूड आणि आकडीसारखा वाकलेला असतो, पानाच्या बुडाशी जोडीनं. एकदा पदर अडकला की सुटत नाही. सालीच्या लांबट पट्ट्या सुटतात, आतून तांबडी. फूल तुऱ्यासारखं, शेंग पातळ आणि चपटी. आतला गाभा लालभडक. त्याच गाभ्याचे तुकडे उकळून पानात खायचा कात काढतात. खैराचं झाड तुमच्या रानात असेल तर त्याची माहिती घरातल्या सगळ्यांना असू द्या.

आणि काटा नसलेली, पांढऱ्या गोंड्याची, तपकिरी चपट्या शेंगांचे घोस लटकलेली असेल, तर ती सुबाभूळ. नाव बाभळीचं, पण लाकूड त्या तोलाचं नाही.

तिसरा गोंधळ लिंबाचा. आपण ज्याला लिंब म्हणतो, त्या कडुनिंबाच्या पानाची काडी एकच असते. पत्तीची कड करवतीसारखी दातेरी, पत्ती विळ्यासारखी वाकडी. बकाणा लिंब सारखाच दिसतो, पण त्याच्या काडीला पुन्हा काड्या फुटतात. फूल जांभळट, आणि पानं झडली तरी पिवळ्या फळांचे घोस लटकत राहतात. तिसरं झाड महारुख. पान हात-दीड हात लांब, पत्त्या मोठ्या, कडेला ओबडधोबड दाते, आणि चुरगाळलं की नको वाटणारा वास. लिंबाचं लाकूड तांबूस, कडवट, जड, त्याला कीड सहसा शिवत नाही. महारुखाचं लाकूड पांढरं, हलकं, मऊ, काड्यापेटीच्या काडीला चालणारं. लिंब म्हणून महारुखाची फळी कुणी दिली तर वजनावरूनच ओळखा.

चौथा साग. पान सुपाएवढं, समोरासमोर बसलेलं, हात फिरवला तर खरखरीत. कोवळं पान तळहातावर चोळलं की तांबडा डाग पडतो. लहान पोरं मेंदी म्हणून खेळतात, तोच. उन्हाळ्यात पानं नसली तरी डहाळी चाचपून बघा. सागाची कोवळी डहाळी गोल नसते, चौकोनी असते, आणि झडलेल्या पानांच्या खुणा समोरासमोर दिसतात.

पाचवा अंजन. याच्या देठावर दोनच पत्त्या असतात, अर्ध्या चंद्रासारख्या, एकमेकींकडं तोंड करून. इथं आपट्याशी गल्लत होते. आपट्याचं पान एकच असतं, मधून चिरल्यासारखं, बुडाकडं जोडलेलं. दसऱ्याला आपण सोनं म्हणून देतो तेच. बाजारात पुष्कळदा आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात. ती आकारानं मोठी आणि गुळगुळीत असतात, आपट्याचं पान लहान आणि खरबरीत. अंजनाच्या दोन पत्त्या मात्र पार वेगळ्या, एकेक ओढली तर सुटी निघते. आपल्या देशातल्या सगळ्यात जड लाकडांत अंजन मोडतं.

बालाघाटाच्या उतारावर धावडाही भेटतो. साल गुळगुळीत, राखेसारखी पांढुरकी, आणि थंडीत पानं तांब्यासारखी लाल होतात. बाळंतिणीच्या लाडवाला आपण ज्याचा डिंक शोधतो, तेच हे झाड. लाकूड चिवट, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि गाडीच्या कण्याला वापरायचे.

बोर आणि चिंच ओळखायला कुणाला शिकवायला नको. तरी एकेक खूण सांगते. बोरीचं पान उलटं करा, खालून पांढुरकी लव आणि देठापासून निघालेल्या तीन शिरा. काटेही जोडीचे, पण एक सरळ आणि एक वाकडा. चिंचेच्या काडीवर दहा ते वीस जोड्या बारक्या पत्त्या. दोन्हींची लाकडं टणक. चिंचेचा गाभा इतका चिवट की तेलाच्या घाण्याला आणि खाटकाच्या ठोकळ्याला तोच लागायचा.

आता लाकडाकडं येऊ. झाड तोडलेलं आहे, पान नाही, फांदी नाही. मग काय बघायचं?

ओंडक्याचं कापलेलं तोंड बघा. बाहेरून पांढरट वेढा दिसतो आणि आत गडद गाभा. पांढरा भाग म्हणजे झाडाचं जिवंत लाकूड, त्यातून पाणी वर चढतं आणि त्यात झाडाचं खाणंही साठवलेलं असतं. किडीला तेच हवं असतं. म्हणून पांढऱ्या भागातून पीठ गळायला लागतं. गाभा मात्र जुना. त्यात झाडानं असे रंग आणि रस भरून ठेवलेले असतात, जे किडीला आणि बुरशीला मानवत नाहीत. म्हणून टिकतो तो गाभा. आपले जुने सुतार बाभळीचे ओंडके विहिरीत नाहीतर डोहात कित्येक आठवडे बुडवून ठेवायचे, त्यामागंही हेच कारण. पाण्यात ते खाणं धुऊन निघतं आणि लाकूडही हळूहळू वाळल्यामुळं कमी तडकतं.

यावरून एक लक्षात घ्या. सागवान म्हटलं की सगळं सारखं नसतं. आठ-दहा वर्षांच्या कोवळ्या सागात पांढरा भागच जास्त असतो. नाव साग, पण टिकाऊपणा जुन्या सागाचा नाही.

गाभ्याचा रंग असा लक्षात ठेवा. साग सोनेरी तपकिरी, तेलकट, ताज्या कापाला जुन्या चामड्यासारखा वास. बाभूळ आधी गुलाबट, मग हवा लागून गडद तपकिरी. खैर लाल. शिसम जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचा. लिंब तांबूस. चिंचेचा गाभा काळपट जांभळा, पण लहानसा, भोवती पिवळट लाकूडच जास्त.

मग वजन. एक घनफूट पाणी साधारण २८ किलो भरतं. नीट वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो, बाभूळ २२-२३ किलो, अंजन २८ किलोच्याही वर. म्हणून अंजनाच्या वाळलेल्या गाभ्याचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. महारुख ११-१२ किलोच्या आसपास, तो लाकडी फुलासारखा तरंगतो. पण ही परीक्षा वाळलेल्या लाकडाचीच करायची. ओल्या लाकडात पाणीच भरलेलं असतं, ते फसवतं.

शेवटी तोंडावर धारदार पात्यानं पातळ काप घ्या, पाण्याचं बोट लावा आणि उजेडात धरा. मुलांच्या दप्तरात भिंग असेल तर उत्तमच. सागात वर्षावर्षाची वलयं स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. बाभळीत आणि शिसममध्ये छिद्रं अशी रांगेत नसतात, विखुरलेली असतात.

एक गैरसमजही काढून टाकू. साग महाग आहे म्हणजे तो सगळ्यात टणक आहे असं नाही. बाभूळ सागापेक्षा टणक आहे. सागाची किंमत यासाठी, की तो पिळवटत नाही, वाळवीला सहजी बळी पडत नाही आणि त्याच्यावर रंधा छान चालतो. बाभळीची किंमत गाडीच्या तुंब्याला, औताच्या दांड्याला, मुसळाला, जिथं मार खायचा असतो तिथं. झाडाचं नाव कळलं की त्याचं काम कळतं, आणि काम कळलं की त्याचा भाव विचारता येतो.

हे ज्ञान घेतानाही उपयोगी पडतं. आपल्या गटातल्या कितीतरी जणींची घरकुलं चालू आहेत. चौकट घ्यायला जाल तेव्हा पुढून बघू नका, पुढून पॉलिश असतं. चौकटीचं खालचं आणि वरचं तोंड बघा, तिथं रंग पोचलेला नसतो. नख दाबून बघा, उचलून बघा, वास घ्या. पांढऱ्या लाकडावर सागवानी रंग मारलेला असेल तर तिथंच कळेल. मिस्त्री हसला तर हसू द्या.

विकताना मात्र तीन गोष्टी करा.

पहिली, माप. लाकूड घनफुटात मोजायची बाजारातली रीत सोपी आहे. खोडाच्या मधल्या भागाला सुतळीचा वेढा द्या, तो फुटात मोजा. त्याला चारनं भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा, मग लांबीनं गुणा. समजा, वेढा ४ फूट आणि लांबी १० फूट. चारला चारनं भागलं, एक. एक गुणिले एक, एक. गुणिले दहा, म्हणजे १० घनफूट. या रीतीत खऱ्या लाकडापेक्षा माप जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमीच येतं, म्हणजे व्यापाऱ्याला सूट आधीच मिळालेली असते. म्हणून "ठोक देतो" म्हटलं की आधी सुतळी काढा.

दुसरी, परवानगी. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावरचा १९६४ चा कायदा आहे. साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, अंजन, हिरडा, चंदन अशी त्यात नाव घेऊन सांगितलेली झाडं आपल्याच शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाकीच्या झाडांसाठीही आधी तलाठ्याकडं आणि वनविभागाच्या कार्यालयात विचारा. नाव चुकीचं लिहून दिलं तर पुढं जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. कागदावर सही आपली असते, व्यापाऱ्याची नसते.

तिसरी, नोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्या मोबाईल अ‍ॅपमध्ये पिकांबरोबर बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय आहे. पीक नोंदवताना घरातली मुलं घाईघाईत ते सोडून देतात. यंदा तुम्ही शेजारी बसा आणि झाडांची नावं तुम्ही सांगा. फोटोवरून झाडाचं नाव सांगणारी अ‍ॅपही आता आली आहेत. ती वापरा, पण ती चुकतात. त्यांचं उत्तर पहिली शंका म्हणून धरा आणि खुणा स्वतः जुळवून बघा.

झाडं एकाच जागी बघायची असतील, तर बीड शहराजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई आहे. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या माळावर ती उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथंच वृक्ष संमेलन भरलं होतं. गटाची सहल काढायचीच असेल तर तिकडं काढा. देवदर्शनाबरोबर तेही होईल.

पण त्याआधी एक काम घरच्या घरी. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या बांधावरच्या एका झाडाची डहाळी आणायची. तोडून नाही, खाली पडलेली नाहीतर शेळीसाठी छाटलेली. नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं, आणि नुसतं नाव सांगून चालणार नाही, तीन खुणा सांगायच्या. बचतीचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं पुरतात. आम्ही आमच्या गटात हे केलं तेव्हा पहिल्या बैठकीत सगळ्यात जास्त झाडं कुणी ओळखली असतील? शेळ्या राखणाऱ्या दोन मावश्यांनी. शाळा शिकलेल्या आम्ही मागं राहिलो. एक मावशी तर डोळे मिटून, नुसतं पान बोटांत चोळून नाव सांगत होती. तिला मी विचारलं, हे आजवर कधी सांगितलं का नाही? ती म्हणाली, "कुणी इचारलं का कधी?"

म्हणून वहीत एक पान झाडांसाठी ठेवा. गट क्रमांक चार, बांध अमुक, झाड तमुक, वेढा इतका, खुणा ह्या. गावातल्या म्हाताऱ्या बाया आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्या. आणि दारात व्यापारी आला तर लगेच हो म्हणू नका. "गटाला विचारून सांगते" म्हणा. एका दिवसानं झाड कुठं पळून जात नाही.

ओढ्याकाठच्या त्या खोडाच्या बुंध्याला पुढच्या पावसाळ्यात फुटवे आले. आम्ही त्यातला एक सरळ राखला, बाकीचे छाटले. आता तो माझ्या डोक्याच्या वर गेलाय. त्याचं लाकूड व्हायला अजून दोन पिढ्या जातील. सासूबाई आता फारशा चालत नाहीत. मागच्या श्रावणात मी त्याची एक डहाळी तोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवलं, एक हितं, एक तितं. मग माझ्या मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या हातात डहाळी देऊन विचारलं, "सांग बरं, जोडीनं हाय का एकाआड एक?"

पोरीनं बरोबर सांगितलं.